जुन्या पाहणीवरून आजची गरिबी

भारतात गरिबी मोजतात ती कुटुंबांच्या उपभोगखर्चावरून, आणि हा खर्च कळतो राष्ट्रीय नमुना पाहणीतून. २०११-१२ च्या पाहणीवरून, तेंडुलकर समितीच्या पद्धतीने, देशातले २१.९ टक्के लोक गरीब ठरले. २०१७-१८ ची पाहणी झाली. पण आकड्यांच्या दर्जाचे कारण देऊन केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ती बाजूला ठेवली. पुढचे आकडे थेट २०२४ मध्ये हाती आले. दरम्यान महासाथ येऊन गेली, मोफत धान्य वाटले गेले, आणि गरीब किती हे अंदाजानेच सांगावे लागले. इतक्या मोठ्या देशाला हे परवडणारे नव्हते.

जुनी पाहणी पुढे आणण्याची रूढ रीत अशी: राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात दरडोई उपभोग महागाई वगळून जितका वाढला, तितकाच पाहणीतल्या प्रत्येक कुटुंबाचा खर्च वाढवायचा आणि दारिद्र्यरेषेखाली कोण उरते ते मोजायचे. २०११-१२ मध्ये ग्रामीण भागासाठी ही रेषा दरडोई महिना ८१६ रुपये होती. दरडोई ६८५ रुपये खर्चणारे कुटुंब घेऊ. वाढ २५ टक्के धरली, तर ते ८५६ वर जाऊन रेषा ओलांडते. मात्र राष्ट्रीय हिशेबातली वाढ पाहणीत पुरती उतरत नाही, असा अनुभव आहे. तिचा दोन-तृतीयांश भागच धरला, तर ७९९ रुपये होतात आणि तेच कुटुंब गरिबांत राहते. ते बीडहून ऊसतोडीला जाणारे असेल आणि सगळा हंगाम मुकादमाची उचल फेडण्यातच जात असेल, तर वाढ त्याच्यापर्यंत मुळीच न पोचणेही शक्य आहे. सर्वांची वाढ सारखी धरणे, हा या पद्धतीचा खरा कच्चा दुवा.

गृहीतकांनी केवढा फरक पडतो, ते एप्रिल २०२२ मध्ये दिसले. अर्थतज्ज्ञ भल्ला, भसीन आणि विरमानी यांनी राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ व रेशनचे धान्य हिशेबात घेऊन दिवसाला १.९० डॉलरच्या रेषेने २०१९ मधली आत्यंतिक गरिबी ०.८ टक्के काढली. जागतिक बँकेच्या सिन्हा रॉय व व्हॅन डर वाइड यांनी सीएमआयई या खासगी संस्थेच्या पाहणीवरून, त्याच रेषेने, १०.२ टक्के काढली. या खासगी पाहणीत गरीब घरे कमी येतात, असा आक्षेप अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि अन्मोल सोमांची यांनी आधीच घेतला होता. म्हणून बँकेच्या अभ्यासात भारांक बदलून घेतले होते.

२०२४ मध्ये हाती आलेल्या २०२२-२३ च्या पाहणीने अंदाजांची गरज कमी केली, पण तुलना अवघड केली. पूर्वी लांबलचक प्रश्नावली एकाच बैठकीत भरली जाई; आता तीन महिन्यांत तीन भेटी होतात. उत्तर देणारा दमत नाही, विसरलेला खर्चही नोंदला जातो. म्हणजे वाढलेल्या खर्चात थोडा वाटा पद्धतीचाही असू शकतो. तो वेगळा काढायचा तर एकाच वर्षी निम्म्या नमुन्याला जुनी आणि निम्म्याला नवी प्रश्नावली द्यावी लागते. १९९४ ते १९९८ या काळात नमुना पाहणीने दोन प्रश्नावल्या अशाच शेजारी शेजारी चालवल्या होत्या.