दोन पदव्या एकदम
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘करिअर मार्गदर्शन’ असा विषय दिला आहे. त्यातला एकच तुकडा घेते, कारण आमच्या घरी सध्या त्यावरून रोज वाद चालू आहे. माझ्या भाचीची बारावी झाली. तिला इंजिनिअरिंग आणि एमबीए एकत्र देणारा पाच वर्षांचा कोर्स करायचाय. मुंबईच्या नरसी मोनजीत तो आहे. बारावीनंतर प्रवेश, शेवटी बी.टेक. आणि एमबीए दोन्ही. खर्चाचा आकडा ऐकल्यापासून भाऊ विहिरीजवळची दीड एकर काढायची भाषा करतोय.

मी स्वतः फक्त इंजिनिअर. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. पण दोन्ही शिकलेल्या लोकांबरोबर काम केलंय, त्यामुळे फरक कुठे पडतो ते सांगू शकते. उदाहरण आपल्या ओळखीचं घेऊ, साखर कारखान्याचं.

ऊस तोडला की त्यातली साखर तासातासाला उतरत जाते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असं इंजिनिअर म्हणणार. मग तोडणीचा कार्यक्रम, गाड्यांच्या खेपा, वजनकाटा, सगळं संगणकावर बसवता येतं. हे काम मी एका कारखान्यासाठी केलंय. आमच्या गटात एक मेकॅनिकल इंजिनिअर होता, नंतर एमबीए केलेला. त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं, “टोळीला पैसे टनावर मिळतात ना? मग तुमच्या कार्यक्रमाने तिला दर दोन दिवसांनी खोपी हलवायला लावली, तर मुकादम ऐकेल का?” पुढचा प्रश्न पैशांचा. कायद्याने एफआरपी चौदा दिवसांत द्यायची, उशीर झाला तर वर पंधरा टक्के व्याज. साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाते. मधल्या काळात गोदामातली पोती बँकेकडे तारण ठेवून पैसा उभा करायचा. म्हणजे आज किती गाळप करायचं हा प्रश्न जितका यंत्राचा, तितकाच व्याजाचा. त्याच्या डोक्यात हे दोन्ही हिशेब एकाच वेळी चालत होते.

आपल्या ढोकीचा तेरणा कारखाना कितीतरी हंगाम बंद राहिला. त्याचं राजकारण इथे नको. पण नुसती यंत्रं असली म्हणून धुराडं पेटत नाही, हे आपल्या जिल्ह्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

असं जोडशिक्षण देणारा सगळ्यात नावाजलेला कोर्स अमेरिकेतल्या एमआयटीचा. (पुण्याची नव्हे.) तो १९८८ साली सुरू झाला, कारण जपानी मालापुढे तिथले कारखाने मागे पडू लागले होते. दोन वर्षांत एमबीए आणि इंजिनिअरिंगची मास्टर्स, त्यातले सहा महिने प्रत्यक्ष एखाद्या कंपनीत. तिथे जाणारी मुलं आधी नोकरी करून आलेली असतात. आपल्याकडे पवईत १९६३ पासून ‘नीटी’ इंजिनिअरांना उत्पादनाचं व्यवस्थापन शिकवत आली. २०२३ मध्ये तिचंच आयआयएम मुंबई झालं. शेजारच्या आयआयटीतही १९९५ पासून मॅनेजमेंटचा स्वतंत्र विभाग आहे.

यावरून माझं मत असं, की आधी इंजिनिअरिंग करावं, तीन वर्षं कुठेतरी हात काळे करावेत आणि मग एमबीए. कारखान्यातला एकही प्रश्न डोक्यात नसताना ताळेबंद शिकला, तर तो परीक्षेपुरताच राहतो. शिवाय तोवर स्वतःचा पगार सुरू झालेला असतो, दीड एकर जागेवर राहते.

भाचीने हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “आत्या, तीन वर्षांनी मला कोण शिकू देणार आहे?”

हा मुद्दा कुठल्या माहितीपत्रकात छापत नाहीत. आपल्या वर्गात पहिल्या पाचांत चार मुली होत्या. त्यातल्या किती जणींना पंचविशीनंतर वही उघडता आली, ते आज इथे बसल्या बसल्या मोजा. तिच्या दृष्टीने पाच वर्षांचा कोर्स म्हणजे पाच वर्षांची लेखी हमी. मधे स्थळं बघायला कुणी सुटी मागणार नाही. या हिशेबापुढे माझा चोवीस तासांच्या उसाचा दाखला जरा फिका पडतो, हे मान्य.

मग मी भावाला तिच्यासमोरच म्हटलं, जमीन विकू नकोस. साध्या इंजिनिअरिंगला घाल, आणि नोकरीची तीन व एमबीएची दोन अशी पाच वर्षं लग्नाचा विषय काढायचा नाही असा शब्द दे. नाहीतर ती दीड एकर सातबाऱ्यावर तिच्या नावाने चढव, मग विकायची की ठेवायची ते तीच ठरवेल. तो “बघू” म्हणाला. आपल्याकडे “बघू”चा अर्थ काय होतो, तो तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून सध्या अर्ज दोन्हीकडे भरलेत आणि वहिनी पहिल्यांदाच उघडपणे मुलीच्या बाजूने बोलतेय.

आता तुमच्याकडे एक काम. आपल्या बॅचमधले काही जण साखर कारखान्यात आहेत, काही दूध संघात, भूमकडे दोघांच्या खव्याच्या भट्ट्या आहेत. प्रवेश सुरू व्हायला अजून वेळ आहे. तिला पंधरा दिवस तुमच्या काट्यावर, भट्टीवर नाहीतर हिशेबाच्या टेबलावर बसू द्या. पगार नको. डबा घेऊन येईल. माझा नंबर बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. जेवणाआधी भेटलात तरी चालेल.