उमलत्या खेळाडूचें मोल

हॉकी म्हटली कीं आपल्याकडे डोळ्यांपुढें उभें राहतें तें मैदान, आणि ध्यानचंदांच्या काठीला जणूं चिकटून धांवणारा चेंडू. कॅनडांत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथें हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत वांकडी काठी, आणि चेंडूच्या जागीं कठीण रबराची चपटी चकती. या खेळाची सर्वांत मोठी व्यावसायिक संघटना म्हणजे नॅशनल हॉकी लीग. कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांतील बत्तीस संघ आज तींत खेळतात. हिवाळ्याच्या लांब रात्रीं तेथल्या घराघरांत एक वाद हमखास रंगतो. वीस-बावीस वर्षांचा एखादा होतकरू खेळाडू अपेक्षेप्रमाणें खेळत नसेल, तर त्याला ठेवावें कीं दुसऱ्या संघास द्यावें? आणि द्यायचें ठरलें, तर मोबदल्यांत काय मागावें?

या वादाचें मूळ त्या खेळाच्या व्यवस्थेंत आहे. दर वर्षीं उन्हाळ्यांत हे संघ अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांतून आळीपाळीनें निवड करतात. गेल्या हंगामांत जे संघ तळाशीं राहिले, त्यांस सामान्यतः आधीं निवडण्याची संधि मिळते. पहिल्या दहांत ज्याचें नांव पुकारलें गेलें, त्या मुलाभोंवतीं एका सबंध शहराच्या आशा गोळा होतात. परंतु अठराव्या वर्षीं पारखलेला मुलगा पंचविसाव्या वर्षीं कसा निघेल, हें सांगणें म्हणजे कोयीपासून वाढलेल्या आंब्याची गोडी मोहोर येण्यापूर्वींच सांगण्यासारखें आहे. आघाडीचे बहुतेक खेळाडू ऐन भरांत येतात ते चोवीस ते अठ्ठावीस या वयांत. त्यांचा पहिला करार मात्र साधारणतः तीन वर्षांचा असतो. तो संपत आला कीं व्यवस्थापकांस निर्णय घ्यावा लागतो. २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चास मर्यादा घातलेली असल्यामुळें, ‘असूं द्या, पाहूं पुढें’ असें म्हणणेंहि आतां स्वस्त राहिलेलें नाहीं. म्हणजे झाडाला फळ येण्याची वेळ एक, आणि बाजाराची वेळ दुसरी. या दोन वेळांच्या मधल्या फटींतच सारा वाद सांपडलेला आहे.

या बाबतींत व्हँकूव्हर या शहराची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. कारण तेथल्या संघानें दहा वर्षांच्या अंतरानें या व्यापाराच्या दोन्ही बाजू अनुभवल्या. १९८३ सालीं या संघानें कॅम नीली नांवाचा अठरा वर्षांचा मुलगा नवव्या क्रमांकावर निवडला. मुलगा त्याच प्रांतांतला, अंगानें धिप्पाड, धडकेला जबर. पण उजव्या बगलेवर स्टॅन स्मिल आणि टोनी टँटी हे दोघे जाणते खेळाडू आधींच ठाण मांडून होते. त्यांच्यापासून उरेल तो वेळ नीलीच्या वांट्यास येई. १९८५-८६ च्या सबंध हंगामांत त्याचे गोल झाले अवघे १४. मग ६ जून १९८६ रोजीं, म्हणजे बरोबर त्याच्या एकविसाव्या वाढदिवशीं, व्हँकूव्हरनें त्यास बोस्टनच्या संघाकडे धाडलें. आणि वर पुढील वर्षाच्या पहिल्या फेरींतील आपला निवडीचा हक्कहि दिला. मोबदल्यांत घेतला बॅरी पेडरसन.

हा सौदा त्या दिवशीं अगदींच वेडेपणाचा होता, असें म्हणतां येणार नाहीं. या खेळांत स्वतः केलेला गोल अथवा सोबत्याच्या गोलास केलेलें साह्य, यांचा प्रत्येकीं एक गुण धरतात. पेडरसननें १९८३-८४ च्या हंगामांत ११६ गुण मिळवले होते, आणि वय होतें केवळ पंचवीस. मध्यंतरीं खांद्यांतील गांठीवर शस्त्रक्रिया होऊन स्नायूचा कांहीं भाग काढावा लागला होता, एवढेंच काय तें उणें. व्हँकूव्हरमध्यें पहिल्या दोन्ही हंगामांत त्यानें सत्तराहून अधिक गुण केलेहि. पण पूर्वींचा पेडरसन कांहीं परत आला नाहीं. इकडे नीलीनें बोस्टनमध्यें पहिल्याच हंगामांत ३६ गोल केले. पुढें तीन हंगामांत त्यानें पन्नास अथवा अधिक गोलांचा पल्ला गांठला. त्यांतील तिसऱ्या वेळीं, म्हणजे १९९३-९४ मध्यें, गुडघा जायबंदी असतांना ४९ सामन्यांत ५० गोल केले. २००५ सालीं हॉकीच्या सन्मान-मंदिरांत त्याचें नांव लागलें. वर दिलेल्या हक्कांतून बोस्टनला ग्लेन वेस्ली हा बचावाचा खेळाडू मिळाला आणि तो तेथें सात हंगाम खेळला.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट ही, कीं १४ हा आंकडा खोटा नव्हता. तो अगदीं खरा होता. परंतु तो नीलीच्या अंगच्या शक्तीचें माप नव्हता. त्याला मिळालेल्या संधीचें माप होता. व्हँकूव्हरनें एक वाचायचें तें दुसरेंच वाचलें. ‘पिकतें तेथें विकत नाहीं’ असें आपण म्हणतों, त्याचें याहून नेमकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

दहा वर्षांनीं त्याच संघाच्या हातीं ताजव्याची दुसरी बाजू आली. मार्कस नॅस्लुंड हा स्वीडनमधील तरुण १९९१ सालीं पिट्सबर्गच्या संघानें सोळाव्या क्रमांकावर निवडला होता. तेथें मारियो लेम्यू आणि यारोमिर यागर यांसारख्या वटवृक्षांच्या छायेंत हें रोप वाढावयाचें होतें. २० मार्च १९९६ रोजीं पिट्सबर्गनें नॅस्लुंडला व्हँकूव्हरकडे दिलें आणि बदल्यांत अलेक स्टोयानोव्ह हा दणकट, दांडगा खेळाडू घेतला. स्टोयानोव्हहि १९९१ सालींच सातव्या क्रमांकावर निवडलेला. म्हणजे कागदावर त्याचेंच मोल अधिक. दोघांचेंहि वय तेव्हां बावीस.

व्हँकूव्हरला हा लाभ लगोलग झाला, असें मात्र नाहीं. १९९७-९८ च्या हंगामांत नॅस्लुंड पुष्कळदां बांकावरच बसून असे, आणि त्याचे गोल झाले १४. योगायोग असा, कीं नीलीचा शेवटचा आंकडाहि हाच होता. या वेळीं मात्र संघानें त्याला सोडलें नाहीं. पुढच्या हंगामांत त्याचे गोल झाले ३६. आणि बोस्टनमधील नीलीच्या पहिल्या हंगामाचा आंकडाहि नेमका तोच! २००० सालीं तो संघाचा कर्णधार झाला. २००२-०३ मध्यें त्यानें ४८ गोल आणि १०४ गुण केले, आणि खेळाडूंच्या स्वतःच्या मतांनीं दिलें जाणारें सर्वोत्तम खेळाडूचें पारितोषिक त्यास मिळालें. २०१० च्या डिसेंबरांत व्हँकूव्हरनें त्याचा १९ हा क्रमांक त्याच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला.

एवढ्यावरून, ‘धीर धरा, प्रत्येक मुलगा शेवटीं उमलतोच’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तीहि फसवणूकच होईल. १९९३ सालीं ओटावाच्या संघानें अलेक्सांद्र डेग या तरुणास पहिल्याच क्रमांकावर निवडलें आणि त्याच्याशीं पांच वर्षांचा, सव्वा कोट डॉलरांच्या घरांतला करार केला. या कराराचा गवगवा इतका झाला, कीं १९९५ पासून नवागतांच्या वेतनास मर्यादा घालण्यांत आली. डेग वाईट खेळला नाहीं. पहिल्या हंगामांत त्यानें ५१ गुण केले. परंतु ज्या उंचीची आशा होती, ती त्यानें कधींच गांठली नाहीं. ओटावानें साडेचार वर्षें वाट पाहिली, आणि १९९८ च्या जानेवारींत त्यास फिलाडेल्फियाकडे दिलें. त्याच निवडींत दुसऱ्या क्रमांकावर घेतला गेलेला क्रिस प्रॉंगर २००० सालीं लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. आपलें निवडलेलें खोटें ठरूं नये, म्हणून माणूस हट्टानें वाट पाहतो, हेंहि सत्य आहे. स्टॉ आणि होआंग या दोन अभ्यासकांनीं १९९५ मध्यें अमेरिकेंतील बास्केटबॉलचा अभ्यास करून दाखविलें, कीं ज्यांची निवड आधींच्या क्रमांकावर झाली, त्यांस त्यांच्या कामगिरीच्या मानानें अधिक खेळवलें जातें आणि अधिक काळ ठेवलें जातें. केलेला खर्च डोळ्यांवर पट्टी बांधतो.

म्हणजे उतावीळपणा आणि हट्ट हे दोन्ही एकाच खोडाचे फांटे आहेत. दोन्हींत व्यवस्थापकाची नजर मुलावर नसून स्वतःच्या निर्णयावर असते. एकजण चूक झाली या लाजेनें मुलाला घालवतो, दुसरा चूक झाली नाहीं हें सिद्ध करण्यासाठीं त्याला धरून ठेवतो. खऱ्या पारख्यानें निवडीचा क्रमांक विसरून जावा आणि साध्या गोष्टी पाहाव्या. मुलाला किती वेळ खेळावयास मिळाला? सोबती कोण होते? चकती हातीं नसतांना तो काय करतो? गेल्या वर्षीं न येणारें असें कांहीं त्याला यंदा येऊं लागलें आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर नुसता गोलांचा आंकडा पाहून विकणें म्हणजे नीचांकी भावानें विकणें होय. तीं तशीं नसतील, तर वाट पाहणें ही सबुरी नसून केवळ आळस आहे.

अलीकडचें उदाहरण डिलन स्ट्रोमचें. २०१५ सालीं अॅरिझोनानें त्यास तिसऱ्या क्रमांकावर निवडलें आणि २०१८ च्या नोव्हेंबरांत शिकागोला दिलें. २०२२ सालीं शिकागोनें त्याचा करार पुढें चालविला नाहीं, तेव्हां वॉशिंग्टननें त्यास अदलाबदलीवांचूनच घेतलें. २०२४-२५ च्या हंगामांत तेथें त्यानें ८२ सामन्यांत ८२ गुण केले. त्या वेळीं त्याचें वय सत्तावीस-अठ्ठावीस होतें. म्हणजे जें वय पहिल्या दोन संघांच्या हिशेबांत आलेंच नव्हतें.

शेवटीं, या साऱ्या हिशेबांत सहसा विसरला जाणारा एक माणूस आहे. तो म्हणजे अलेक स्टोयानोव्ह. पिट्सबर्गसाठीं तो ४५ सामने खेळला आणि त्याचे गोल झाले २. १९९७ मध्यें मोटारीच्या अपघातांत तो जबर जखमी झाला, आणि त्यानंतर त्या लीगमध्यें तो पुन्हां खेळूं शकला नाहीं. फसलेल्या अदलाबदलींची यादी निघाली, कीं त्याचें नांव आजहि निघतें. जणूं तो सौदा त्यानेंच केला होता. नॅस्लुंडप्रमाणेंच तोहि त्या दिवशीं बावीस वर्षांचा, धडपडणारा एक मुलगाच होता. त्याचें मोल दुसऱ्यांनीं ठरवलें, आणि त्या चुकीचें ओझें मात्र त्याच्या नांवावर चढलें.

मुलांना क्रमांक देणारा हा बाजार कांहीं कॅनडापुरताच नाहीं. परीक्षेचा निकाल लागल्याच्या दिवशीं तो आपल्याहि घरोघरीं भरतो. त्या वेळीं गुणपत्रिकेवरचा आंकडा वाचून झाल्यावर, मुलाला काय मिळालें होतें आणि काय मिळालें नव्हतें, हेंहि एकदां वाचून पाहावें. आंकडा बहुधा खराच असतो. तो कशाचा आहे, एवढें मात्र तपासून घ्यावें लागतें.