एका बोटावरचं दुखणं



पाठ दुखते म्हटलं की आपण सबंध कमरेवर हात ठेवतो. मीही तेच करायचो. बसलेला उठताना डाव्या कुल्ल्यात सणक, जिना चढताना कळ, रात्री कूस बदलली की झोपमोड. कुणी सायटिका म्हणालं, कुणी गादी बदलायला सांगितलं. एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती झिजलेली दिसली आणि ऑपरेशनचं नाव निघालं. पन्नाशीत अशी झीज न दुखणाऱ्या पाठीतही सापडते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली. म्हणाले, "कवी आहात ना? मग नेमकं सांगा. एका बोटानं दाखवा."

बोट गेलं ते कमरेखाली, पाठीवर खळी पडते तिथं. तिथं त्रिकास्थी आणि खुब्याचं हाड यांचा सांधा असतो, सॅक्रोइलियाक. हलतो जेमतेम काही मिलिमीटर, पण धडाचा भार पायांकडे तोच पोचवतो.

मग त्यांनी आडवं निजवून मांडी दुमडून रेटली, खुबे दाबले, ताणले. अशा पाचेक चाचण्यांपैकी तिनांत तेच ओळखीचं दुखणं उठलं, तर या सांध्यावर संशय धरतात. एक्स-रे पुष्कळदा निर्दोष येतो. शंका उरलीच, तर यंत्रावर बघत सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन देतात. दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं, तर संशय बळावतो.

उपचार आधी साधेच: थोडे दिवस वेदनाशामक गोळ्या, पोटाच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम, लागल्यास पट्टा. मला व्यायाम पुरले. कुणाला स्टेरॉइडचं इंजेक्शन लागतं. सांधा जोडण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी.

मात्र पंचेचाळिशीच्या आत दुखणं सुरू होऊन तीन महिन्यांवर टिकलं, सकाळी पाठ ताठरून हालचालीनं मोकळी होत असेल, तर संधिवाततज्ज्ञ गाठा. ताप असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, पाय लुळा पडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माझी अम्मी जमिनीवरून उठताना इथंच हात टेकायची. "वय झालं," म्हणून मी पुढं जायचो. तिला काय होत होतं, ते कळायला आता मार्ग नाही. तुमच्या घरात कुणी असं उठत असेल, तर आजच विचारा, नेमकं कुठं दुखतं?