चांदूर बाजारचें संत्रें आणि शेजारची जकात

अमरावती जिल्ह्यांतील चांदूर बाजारच्या संत्र्यांना पेठ कोठें मिळते, असें विचारल्यास मुंबई-दिल्लीच्या बरोबरीनें ढाक्याचेंहि नांव घ्यावें लागतें. वरूड, मोर्शी, अचलपूर आणि चांदूर बाजार या तालुक्यांतील आंबिया बहाराचीं फळें मालमोटारींतून पेट्रापोलच्या नाक्यावरून बांगलादेशांत जात आलीं आहेत. सैल सालीचें हें फळ तिकडे आवडीनें खाल्लें जातें. शिवाय तें फार दिवस टिकत नाहीं. तेव्हां खुष्कीच्या मार्गानें गांठतां येणारा शेजारीच त्यास सोयीचा.

या व्यापाराला ओहोटी लागली ती जकातीमुळें. २०१९ सालीं किलोमागें २० रुपये असलेली बांगलादेशची आयात-जकात दरसाल चढत २०२३ सालीं ८८ रुपयांवर गेली. बागेंतल्या भावाहून जकातच जड झाली. ही चढण आर्थिक संकटापूर्वींच सुरू झाली होती, हें खरें. परंतु तिला सबळ कारण लाभलें तें २०२२ मध्यें. युक्रेनच्या युद्धानें तेल व धान्य महागलें. आदल्या वर्षीं ४८ अब्ज डॉलरांच्या घरांत असलेली बांगलादेशची परकीय चलनाची गंगाजळी आटूं लागली, आणि मे महिन्यांत त्या सरकारनें फळें, फुलें, सौंदर्यप्रसाधनें अशा जिनसांवर नियामक कर वाढविला. घरांत चणचण असतां आधीं फळांचा खर्च आंखडावा, यांत दोष तो कसला? ढाक्यास जी चैन वाटली, ती चांदूर बाजारास पोटाची भाकर होती, इतकेंच.

मग शेजाऱ्यांचे करार कशासाठीं, असें श्रोते विचारतील. ‘सार्क’ संघटनेची सनद १९८५ सालीं ढाक्यासच झाली. तिच्यांतून निघालेला मुक्त व्यापाराचा करार २००६ पासून अंमलांत आला. त्यानें मूळ जकातीस लगाम घातला, पण तिच्यावर बसणारे पूरक व नियामक कर बव्हंशीं मोकळेच राहिले. व्यापारी मंडळांच्या परिषदांत कापड, वीज, बंदरें यांना वक्ते मिळतात. संत्र्याची बाजू मांडणारा विरळा.

१९९७ च्या चलन-संकटानें पोळलेल्या आग्नेय आशियानें चीन, जपान व दक्षिण कोरिया यांसह २००० सालीं चियांग माई येथें परस्परांस चलन पुरविण्याची योजना आंखली. रिझर्व्ह बँकेनेंहि २०१२ मध्यें सार्क देशांसाठीं तशी सोय केली. २०२१ सालीं तर बांगलादेशनेंच श्रीलंकेस २० कोटी डॉलरांचा हात दिला. शेजारधर्म कोषागारापर्यंत पोहोंचला. जकातनाक्यापर्यंत पोहोंचावयाचा राहिला. भारताच्या हातूनहि तेंच घडलें. २०२३ च्या डिसेंबरांत कांद्याची निर्यात एकाएकीं बंद झाली आणि ढाक्याच्या बाजारांत कांदा भडकला.

त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारनें जकातीचा अर्धा भार, किलोमागें ४४ रुपये, उचलण्याचें ठरविलें. निर्णय स्तुत्य, पण आंबियाची तोड तोंवर बरीच पुढें गेली होती. जंभेरीवर डोळा बांधलेलें कलम फळावर येण्यास पांच-सहा वर्षें लागतात. २० रुपयांची जकात पाहून ज्यानें २०१९ सालीं झाडें लाविलीं, त्याचीं फळें धरेपर्यंत ती चौपटीहून अधिक झाली. जकात वाढवूंच नये, असें कोणी म्हणणार नाहीं. डिसेंबरांत आंबियासाठीं बाग ताणावर सोडण्यापूर्वीं दोन्ही सरकारांनीं येत्या हंगामाचा दर जाहीर करावा, एवढें बंधन जरी उभयतांनीं मानलें, तरी ताण द्यावा कीं मृगासाठीं बाग राखावी, हें बागाइतदारास वेळींच ठरवितां येईल.