मोबाइल हातात आहे, शेजारी कोण आहे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा सारांश)



मी शिक्षक नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस आहे. पण मुलांच्या अभ्यासात स्मार्ट बोर्ड आणि व्हिडिओ आल्यापासून एक प्रश्न आपल्या सर्वांचाच झाला आहे. यंत्रामुळे मूल शिकते का?

जाँ पियाजे आणि लेव्ह व्हिगॉट्स्की हे दोघे विचारवंत 1896 सालचे. पियाजे सांगतात, मूल हाताळून, करून पाहून शिकते. व्हिगॉट्स्की म्हणतात, मुलाला जे एकट्याने जमत नाही ते जाणत्याच्या मदतीने आज जमते आणि उद्या त्याचे स्वतःचे होते.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच करून दाखवले. 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. महागडी मॉन्टेसरी साधने खेड्याला परवडत नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे हीच साधने झाली. साधन साधे होते, पण शेजारी ताई बसलेली होती.

अलीकडचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. मोबाइल धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. कोड यंत्र वाचते, पण धड्यात काय ठेवायचे ते गुरुजींनी ठरवले होते.

आता आपल्या देशपांडे नगरकडे वळू. घरी मराठी, बाहेर कन्नड, शाळेत इंग्रजी. कन्नड ही आपल्या पोटापाण्याची आणि शेजारधर्माची भाषा. ती उत्तम आलीच पाहिजे. पण आपली मुले हिंदीमुळे देवनागरी ओळखतात, तरी मराठी पुस्तक उघडत नाहीत. आणखी एका पिढीने आजीची भाषा फक्त कानावरून जाईल.

म्हणून एक विनंती. या उत्सवात प्रत्येक मुलाने आजी-आजोबांची एक आठवण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी, ऐकून स्वतःच्या हाताने मराठीत लिहावी. अडलेला शब्द गूगलला नव्हे, आजीलाच विचारावा. मोबाइल तोच राहील, फक्त मूल एकटे राहणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!