हरितपट्टा आणि मंदिराची वाट



लंडन बेसुमार पसरू नये म्हणून भोवती हरितपट्टा राखलेला आहे. तेथे बांधकामास अपवादानेच परवानगी मिळते. त्यासाठीचे विशेष कारण अर्जदारानेच सिद्ध करावयाचे असते.

हर्टफर्डशायरमधील भक्तिवेदांत मॅनॉर ही वास्तू १९७३ मध्ये संगीतकार जॉर्ज हॅरिसन यांनी कृष्णभक्तांना दिली. उत्सवांच्या गर्दीने लेचमोर हीथ हे चिमुकले गाव त्रासले. स्थानिक परिषदेने सार्वजनिक पूजेस मनाई केली. १९९४ मध्ये हजारो भाविक लंडनच्या रस्त्यांवर उतरले. अखेर १९९६ मध्ये मंत्री जॉन गमर यांनी पूजेस आणि गाव टाळून जाणाऱ्या नव्या रस्त्यास मंजुरी दिली.

भाविकांची श्रद्धा खरी, तशी ग्रामस्थांची गैरसोयही खरी होती. धर्मस्थान उभारताना नकाशाइतकेच लक्ष शेजाऱ्याच्या अडचणीकडे द्यावे, हाच त्यातील बोध होय.