युद्धाची कारणं शिकवताना



नववी-दहावीच्या कुठल्याही मुलाला पहिल्या महायुद्धाची कारणं विचारा. साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, उग्र राष्ट्रवाद आणि तात्कालिक कारण साराजेव्होचा खून. पाच कारणं, पाच गुण. उत्तर चूक नाही. पण त्यात माणूस एकच दिसतो, पिस्तूल झाडणारा. बाकी सगळे ‘वाद’. आणि ‘वाद’ काही कागदावर सही करत नाहीत.

म्हणून मी फळ्यावर आधी तारखा लिहिते. 28 जून 1914, खून. 5-6 जुलैला जर्मनीनं ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा जणू कोरा चेकच दिला. 23 जुलैला सर्बियाला निर्वाणीचा खलिता, 28 ला युद्धाची घोषणा. 1 ऑगस्टला जर्मनी रशियावर, 3 ला फ्रान्सवर. 4 ला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि ब्रिटन उतरलं. सदतीस दिवस. यातला कोणता दिवस टाळता आला असता, आणि कुणी टाळला नाही? इथे मागचे बाकही बोलू लागतात.

मग विचारते, यात हिंदुस्थान कुठून आला? व्हाइसरॉय हार्डिंग यांनी इथल्या लोकांना न विचारता देश युद्धात ओढला. 10 लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली, 70 हजारांहून अधिक मेली.

आणि लढायला कुणाला घेतलं? इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ ठरवल्या होत्या. 1890च्या दशकात महारांची भरती बंद केली. 1917 मध्ये माणसं कमी पडली तेव्हा 111वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडलीही. जो कालपर्यंत नालायक होता तो गरज लागताच लायक ठरला, गरज संपली की पुन्हा घरी. आपल्या मुलांना हे फार समजावावं लागत नाही.

‘ही जात वर्गात कशाला आणता?’ असं काही शिक्षक विचारतात. मी नाही आणली, ती भरतीच्या नियमातच होती. पलटणीचा अभिमान जरूर सांगा, पण ती माणसं का गेली हेही विचारू द्या. पगार, पेन्शन, आणि गावात कधीच न मिळणारा मान. हीसुद्धा युद्धाची कारणंच आहेत, कारण त्यांच्यावाचून फौजा भरत नाहीत.

बर्ट्रांड रसेल यांनी त्याच युद्धाच्या काळात लिहिलेल्या पुस्तकाचं परीक्षण बाबासाहेबांनी 1918 मध्ये केलं. युद्ध नको म्हणून माणसानं निष्क्रिय व्हावं, हे त्यांना मान्य नव्हतं. बळ आणि हिंसा एकच नव्हेत, हा ड्युईंचा भेद त्यांनी तिथे वापरला. दहावीच्या मुलांना तो कळतो, मी पाहिलंय.

परीक्षेत मात्र ती पाच कारणंच लिहा, असं मी त्यांना सांगते. कुणी सहावं लिहिलंच, तर पेपर तपासणाऱ्यांनी त्याचे गुण कापू नयेत, एवढी इथे बसलेल्या शिक्षकांना विनंती.